कोपऱ्यातलं बटण

जळगाव
१२ ऑक्टोबर १९९३

अक्का,

आधी दाराला कडी घाल, मग पुढचं वाच. वाचून झालं की हे पत्र चुलीत टाक. तुझ्याकडे गॅस आहे, ठाऊक आहे. पण समजून घे.

माझ्या खाटेखाली रिकाम्या पोत्यात गुंडाळलेला एका कॉम्प्युटरचा कीबोर्ड आहे. चोरलेला नाही. पण कुणी पाहिला तर चोरलेलाच म्हणतील, कारण ज्याचा आहे त्याला यातलं काही माहीत नाही.

नीट सांगतो. मी ज्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो त्याच्या वरच्या मजल्यावर केळीच्या शेठचं ऑफिस आहे. केळीचे ट्रक उत्तरेकडे जातात, त्यांच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, आता कॉम्प्युटरवर निघतात. त्या खोलीत चपला काढून जायचं. मशीनला फक्त ऑपरेटरने हात लावायचा. शेठ स्वतःसुद्धा हात पाठीमागे बांधून लांबूनच बघतो. तर परवा त्या कीबोर्डचं एंटर नावाचं बटण मोडलं. तुमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधल्या टाइपरायटरवर ओळ संपली की तू दांडा सरकवतेस ना, तसं हे बटण, ते दाबल्याशिवाय पुढची ओळ नाही. दाबलं तर आतच रुतून बसलं, आणि पडद्यावर ओळींमागून ओळी आपोआप पळत सुटल्या. ऑपरेटरने घाबरून मशीनच बंद केलं.

शेठ नवरात्रासाठी मारवाडात कुलदेवीला गेलाय, दसरा झाला की येणार. जाताना ऑपरेटरला बोलून गेला होता, "याला काही झालं तर तुझ्या बापाचं घर विकूनही भरपाई व्हायची नाही. आणि नोकरी तर त्याच दिवशी गेली समज." ऑपरेटर माझा मित्र आहे, गरिबाघरचा. जिन्यात बसून रडत होता. आणि मी म्हणून गेलो, "आण इकडे, मी करून देतो."

अक्का, जीभ माझी, पण बोलला कोण कुणास ठाऊक! मला काय येतं? बी.एस्सी.चं दुसरं वर्ष अर्धं सोडून मी जर्नलांचा गठ्ठा सरांच्या टेबलावर आपटून निघालो. सोल्डरचा डाग द्यायचं प्रॅक्टिकल त्याच्या पुढच्या आठवड्यात होतं. मित्राला वाटतं मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला.

भाऊजींचं रेडिओ दुरुस्तीचं सोल्डरिंग आणि थोडी डागाची तार पाठव. धुळे-जळगाव गाडीवरच्या झुलाल कंडक्टरकडे दे, मी स्टँडवर घेईन. वर मशीनवर कव्हर टाकून ठेवलंय, मुनीम जीवरामकाकांना "व्होल्टेज कमी आहे" असं सांगितलंय. काका रोज खाली येतात आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारतात, "काय रे लोटन, पंखा चालू असून घाम?" अक्का, मला रात्री जेवण जात नाही. कुणी दारावर थाप मारली की खाटेवरची चादर खालपर्यंत ओढतो.

लोटन


धुळे
१५ ऑक्टोबर

लोटन,

कडी घातली होती. वाचल्यावर काढली, कारण ह्यांना हाक मारायची होती. घाबरू नकोस, ह्यांना फक्त बटणाचं सांगितलं. पोत्याचं नाही.

मित्र जिन्यात बसून रडत होता म्हणे. आणि तू त्याचे डोळे पुसायला गेलास. अरे, लहानपणी रडणाऱ्या पोराला तू वरून एक टपली मारून पुढे जायचास. मी तुझी अक्का आहे, सांगशील ते लिहून घेणारी जनगणनेवाली बाई नाही. मित्राचं पूर्ण नाव कळव. खोटं कळवलंस तर सोल्डरिंग परत मागवीन.

झुलालकडे पिशवी दिली आहे. त्याला सांगितलंय आत केस कुरळे करायचं यंत्र आहे, तो अजून हसतोय. आता ह्यांचा निरोप: तेल अजिबात घालू नको. इन्स्टिट्यूटमधल्या टाइपरायटरला आम्ही पेट्रोलने धुतो, शिलाई मशीनचं तेल सोडतो, तसं इथे केलंस तर संपलं. तापलेलं टोक एका जागी फार वेळ टेकवू नको, खालची तांब्याची रेघ उचलून येते आणि मग ती ब्रह्मदेवालाही चिकटवता येत नाही. आधी मोडक्या रेडिओवर हात बसव.

आणि माझा निरोप: जसं आहे तसं जाऊन ठेवून ये. ज्याचं त्याला भोगू दे. लोक तुला पुढे करून मागे उभे राहतात आणि तुला ते शौर्य वाटतं. कॉलेजातही तेच झालं. भांडण वर्गाचं होतं, बाहेर पडलास तू एकटा.

यापुढे पत्र इन्स्टिट्यूटच्या पत्त्यावर पाठव. घरचं टपाल आधी मामंजींच्या हातात पडतं.

यशोदा


जळगाव
१९ ऑक्टोबर

अक्का,

नाव कुंदा. हस आता.

बोदवडहून रोज पॅसेंजरने येते. पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा म्हणाली, "कॉपी वाकडी आलीय, परत काढा." मी म्हटलं, "वाकडं तुमचं बघणं असेल." ती काउंटरशी उभी राहिली. गिऱ्हाइकं आली, गेली, ती उभीच. शेवटी मी परत काढून दिली. तेव्हापासून, अक्का, मी जगातला प्रत्येक कागद सरळ लावतो. तिच्या गाडीला उशीर झाला की मला वाटतं रूळच कुणीतरी उपटले. जाऊ दे. तुला हे लिहिताना कान तापलेत.

बटणाचं ऐक. टोपी काढली, खालचा डबीसारखा भाग उघडला. आत प्लास्टिकचा एक खुंटा, खुंट्याखाली केसाएवढ्या तारेची स्प्रिंग, बाजूला चकचकीत पत्ती. बोट दाबलं की खुंटा खाली, पत्तीला पत्ती भिडते, स्प्रिंग त्याला परत वर ढकलते. एवढंच. एवढ्याशासाठी एका माणसाची नोकरी! खुंट्याला उभी चीर गेली होती, म्हणून तो रुतत होता. चीर बघायला मी सुई घातली आणि स्प्रिंग टुणकन उडाली. शेजारी माय सुपात दादर ज्वारी निवडत बसली होती. गेली त्या दादरीत.

मी सूप ओढलं, दादर फरशीवर पसरली, चाळणी आणली, जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवलं. माय बघत राहिली.

"काय शोधस रे?"

"काही नाही."

"मंग जे काही नही ते सापडी जाई," म्हणाली, आणि परत निवडायला लागली.

सापडली नाही. नंतर जिन्यात कुंदाला सांगितलं, खुंटाच तडकलाय, असला खुंटा जळगावात कुठे मिळणार, आणि स्प्रिंगही गेली. ती बराच वेळ हवेत बोटं हलवत राहिली, समोर कीबोर्ड असल्यासारखी. मग म्हणाली, "वरच्या ओळीत उजव्या कोपऱ्याकडे एक बटण आहे, बघा. मी त्याला आजवर हात लावला नाही. ते कशाला असतं हेही मला कुणी शिकवलं नाही. खालची डबी तीच असेल तर ते काढून इथे लावता येईल?"

घरी येऊन बघितलं. डबी तीच आहे, अक्का! तिच्या डोक्यात जे आलं ते माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

पण डाग काढायचा, दोन्ही डब्या सोडवायच्या, चांगली इकडे आणून परत डाग द्यायचा. मोडक्या रेडिओवर आठ डाग दिले, त्यातले निम्मे सुटले. एक रेघ उचलली गेली तर तिची नोकरी गेली, आणि नोकरी गेली तर ती पॅसेंजरने येणार नाही. घरी बसली की वडील लग्न लावून देतील, हे तीच म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली.

पूर्ण नाव विचारलं होतंस ना? कुंदा तायडे.

लोटन


धुळे
२१ ऑक्टोबर

लोटन,

ते आडनाव परत पत्रात लिहू नकोस.

मी हसले नाही. पत्र वाचून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि दिवसभर वर्गात पोरींना चुकीचा धडा दिला. मला तिच्याबद्दल वाईट काही म्हणायचं नाही, तिला मी पाहिलेलंही नाही. पण हिलालभाऊचं काय झालं ते आठव. आपला सख्खा चुलतभाऊ. त्यानेही बौद्धांच्या घरची मुलगी केली, तर भाऊबंदांनी त्याला पंगतीतून उठवला आणि नानांनी, आपल्या वडिलांनी, त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्याची आई, आपली काकू, वारली तेव्हा तो स्मशानात लांब बाभळीखाली उभा होता. तू तेव्हा लहान होतास. मी पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्याकडे निघाले होते, आणि नानांनी नुसतं बघितलं. मी परत फिरले. तो तांब्या मला अजून दिसतो.

तू रागीट आहेस म्हणून मला भीती वाटत नाही. रागावलेला माणूस थोड्या वेळाने जेवायला बसतो. पण हे पत्र तू रागाने लिहिलेलं नाहीस.

बटण कर. चांगलं कर. नेऊन दे आणि त्या जिन्यावरून पाय काढ. माझं एवढं ऐक.

यशोदा


जळगाव
२४ ऑक्टोबर, दसरा

अक्का,

तू हे वाचशील तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

शुक्रवारी डाग दिले. नाना जामनेरला बाजारात गेले होते, माय शेजारी. श्वास धरून दिले. डब्या सुटल्या, रेघा जागच्या जागी राहिल्या, चांगली डबी एंटरच्या जागी बसली. बोट ठेवलं तर खाली गेली आणि टक् करून वर आली. अक्का, तो टक् ऐकून मी उभाच राहिलो! कोपऱ्यातलं बटण मात्र आता पोकळ आहे. त्याची टोपी खाली पडू नये म्हणून आत काडेपेटीच्या काड्या उभ्या करून वर ठेवली आहे. दिसायला छान. कुणी बोट लावलं तर बसकन मारेल. पण त्याला हात लावतो कोण?

पोत्यात गुंडाळून परत खाटेखाली ठेवला, आणि काल दुकानात गेलो.

काल खंडेनवमी होती, अक्का. हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?

संध्याकाळी घरी आलो तर देवासमोर पाट मांडलेला. पाटावर नानांचा विळा, कुऱ्हाड, मायचा लोखंडी खलबत्ता, माझ्या सायकलचा पाना, आणि मधोमध कीबोर्ड. पोतं नाही, काही नाही. हळदीची बोटं, वर ओलं कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. खोबऱ्याच्या वाटीत गूळ ठेवलेला, तोही त्याच्यावरच. वर पाणी शिंपडलेलं.

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहवत नाही. "अडाणी" हा शब्द त्यात होता. माय हातातलं ताम्हण तसंच धरून उभी राहिली.

"हाई तुनं अवजार शे ना रे? खाटखाले लपाडी ठेयेल. मी म्हनं, मना पोरले कामनं काहीतरी भेटनं, लाजस सांगाले. नानास्ना, मना, बठ्ठास्ना अवजारे पुजात, तुनंच काबर सोडू?"

एवढं बोलून ती आत गेली. जेवली नाही. आज सकाळपासून माझ्याशी बोलत नाही. नानांना वाटतंय मी सोन्याच्या पानावरून भांडलो.

कापसाच्या बोळ्याने, दात घासायच्या ब्रशने, जमेल तेवढं पुसलं. पाणी आत गेलंय का माहीत नाही. हलवलं तर आत तांदळाचा दाणा वाजल्यासारखं वाटतं, आणि मग वाटतं तो माझ्याच कानात वाजतोय. चालतं का ते इथे कळणार नाही, मशीन वर ऑफिसात. कुंदा घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीला गेली आहे. उद्या सकाळी परस्पर ऑफिसला येईल. शेठही उद्याच येतोय. आधी कोण पोहोचेल, कळत नाही.

आपट्याचं पान पाकिटात घातलंय. मला आता एवढंच करता येतं.

लोटन


धुळे
२६ ऑक्टोबर

लोटन,

तुझं पान मिळालं. काल काय झालं ते लगेच कळव. बस आली की मी इन्स्टिट्यूटच्या खिडकीत जाते, झुलाल मान हलवतो, काही नाही म्हणून.

मायला अडाणी म्हणालास? मला सातवीतून काढत होते तेव्हा तिने स्वतःच्या पाटल्या नानांपुढे ठेवल्या होत्या, म्हणून आज मी लोकांच्या पोरींना टायपिंग शिकवते. तू कॉलेज सोडलंस तेव्हापासून ती तुझ्यासाठी एखादं अवजार शोधत होती. तिला ते खाटेखाली सापडलं. तिची चूक एवढीच.

आधी तिच्यासमोर जा. मग शेठ, मग पोलीस, मग जग.

यशोदा


जळगाव
२८ ऑक्टोबर

अक्का,

जिवंत आहे. सांगतो.

सोमवारी सकाळी मी पिशवी घेऊन जिन्यात उभा. कुंदा आली. प्रवासात झोप झालेली नाही, डोळे लाल, पांढऱ्या साडीला गाडीचा धूर. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. जीवरामकाका उदबत्ती लावत होते, त्यांच्या पाठीमागून ती आत गेली, वायर जोडली, मशीन सुरू केलं. मी दारात. तिने एंटर दाबलं. ओळ पुढे गेली. परत दाबलं, परत गेली. तिने माझ्याकडे बघितलं आणि तेवढ्यात जिन्यावर शेठच्या जोड्यांचा आवाज.

मी खाली पळायला हवं होतं. मी दाराच्या बाजूला सरकलो.

शेठ आत आला, हात पाठीमागे, वाकून कीबोर्डकडे बघायला लागला. मी पुसलं होतं गं. पण बटणांच्या मधल्या फटीत कुंकू तसंच होतं, आणि एक झेंडूची पाकळी. मला वाटलं, संपलं.

"व्वा!" शेठ म्हणाला. "जीवरामजी, बघितलं? मी नाही, कुणी सांगायला नाही, तरी पोरीने खंडेनवमी चुकवली नाही. लक्ष्मी टिकते ती अशा माणसांमुळे. दिवाळीपासून हिला कायम करून टाका."

अक्का, तिने फक्त गप्प बसायचं होतं. मी मनात म्हणत होतो, गप्प बस, गप्प बस, हात जोड आणि गप्प बस.

ती उठून उभी राहिली. आवाज कापत होता. म्हणाली, "शेठ, पूजा मी केली नाही. आमच्यात करत नाहीत. मी नागपूरला गेले होते. मशीनचं बटण मोडलं होतं, माझ्या हातात मोडलं. मी ते दुरुस्तीला बाहेर दिलं होतं."

शेठचा चेहरा मला दिसत नव्हता, मान लाल होताना दिसत होती.

"बाहेर? मला न विचारता? कुणाला दिलं?"

ती खाली बघत राहिली. माझं नाव तिच्या ओठांवर होतं आणि ती ते गिळत होती. शेठने परत विचारलं. काका म्हणाले, "सांग पोरी, नाव सांगून मोकळी हो." तरी नाही.

मी आजवर लोकांच्या अंगावर धावून गेलोय, अक्का, एकदाही घाबरलो नाही. त्या दिवशी दारातून आत फक्त चार पावलं टाकायची होती, आणि मी दोनदा चौकट सोडून परत धरली. चपला काढायचंसुद्धा भान राहिलं नाही. आत गेलो आणि म्हणालो, "मी. खालचा झेरॉक्सवाला. लोटन. आणि पूजा माझ्या मायने केली. तिला वाटलं माझं आहे."

शेठ माझ्याकडे बघत राहिला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने त्या कीबोर्डला हात लावला. एंटर दाबलं. एकदा, दोनदा, जोरात. चाललं.

"नवं बटण कुठून आणलंस?"

कुंदानेच कोपऱ्याकडे बोट दाखवलं. शेठने तिथे बोट ठेवलं आणि टोपी काड्यांसकट आत बसली. काडीचं गुलाचं टोक बाजूने वर आलं. जीवरामकाका खोकल्याचं नाटक करून बाहेर गेले.

"हे बटण काय करतं?" शेठने विचारलं.

"मला माहीत नाही, शेठ," ती म्हणाली.

"मलाही नाही," मी म्हणालो.

शेठने काडी उपटली, खिशात टाकली. मग तिला म्हणाला, "कायमचं नंतर बघू. मोडलं होतं ते लपवलंस, हे विसरणार नाही. पण फुकटची शाबासकी घेतली नाहीस, हेही विसरणार नाही. बस, बिल्ट्या काढ, ट्रक उभे आहेत." आणि मला, "तू या जिन्यावर परत दिसलास तर तंगडं मोडीन. चपला घालून आत आलास!"

तिची नोकरी आहे, अक्का. आज आहे. उद्याचं माहीत नाही.

घरी गेलो. माय दादर निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. कीबोर्ड कुणाचा, बटण कुणाच्या हातात मोडलं, शेठने पूजेबद्दल काय म्हटलं, तिने काय म्हटलं. आडनावही सांगितलं. तू लिहू नको म्हणालीस, बोलू नको म्हणाली नव्हतीस.

मायचे हात थांबले. तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "फुकटनं नही ल्हिनं तिनी?"

"नाही."

"नौकरी जावानी भीती व्हती, तरी?"

"हो."

ती उठली. देवळीतला कुंकवाचा करंडा आणला, त्यातून काहीतरी चिमटीत धरून माझ्या तळहातावर ठेवलं. स्प्रिंग. कुंकवाने लाल झालेली. दादरीत तिला कधीच सापडली होती, आणि मी विचारीन म्हणून ती वाट बघत होती.

"हाई तिनं शे. तिले दी दे," म्हणाली. मग आवाज एकदम खाली आणून, दाराकडे बघत, "पन नानाले कोन सांगाव रे भाऊ? माले भ्या वाटस."

मलाही, अक्का. शेठपुढे चार पावलं टाकली. नानांपुढे एक टाकवणार नाही. ते संध्याकाळी विळ्याला धार लावतात तेव्हा मी अंगणातून आत येतो. कुंदाने अजून मला हो म्हटलेलं नाही, मी विचारलेलंही नाही. स्प्रिंग खिशात आहे. पण विचारण्याआधी माझ्या घरात तिला पाणी मिळेल की नाही, एवढं तरी मला माहीत हवं.

भाऊबीजेला येशील?

लोटन


धुळे
३० ऑक्टोबर

लोटन,

येते.

ह्यांना सांगितलं. ते फक्त सोल्डरिंग परत आणायला विसरू नको म्हणाले. म्हणजे जा म्हणाले.

ओवाळून झालं की मी नानांशी बोलेन. आधी हिलालभाऊचं, मग तुझं. तू माझ्या मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. चढलेल्या आवाजात एक शब्द जरी बोललास तर मी उठून बस पकडीन.

मला फार भीती वाटते आहे. हे लिहिताना तीनदा कागद बदलला.

त्या दिवशी मायला पाण्याचा एक तांब्या भरून ठेवायला सांग. यावेळी मी परत फिरणार नाही.

यशोदा